नावावर जाऊ नका, शेत धरा

आमच्या चुलत्यांनी कुलसंमेलनासाठी वंशावळ करून घेतली. करून देणारे गृहस्थ छत्रपती संभाजीनगरातलेच, जुने कागद वाचणारे जाणकार म्हणून चार लोकांत नाव असलेले. पैसे रोख, पावती नाही. गुळगुळीत कागदावर वर गणपती आणि खाली झाड. त्या झाडात आमच्या पणजोबांच्या जागी ‘नाना वलद राघो, मृत्यू १८९४’ आणि त्यांच्याखाली आमचे आजोबा, जन्म १८९७. बाप गेल्यावर तीन वर्षांनी मुलगा! संमेलनात सगळ्यांनी त्या फ्रेमसमोर उभे राहून फोटो काढले. कुणीही वजाबाकी केली नाही.

मी मूळ कागद मागितला. निजामी अमलातला, पाटीलकीच्या इनामाच्या वारसाबद्दलचा, उर्दूत घसटून लिहिलेला. आपल्या मराठवाड्याची हीच अडचण आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी कागद आधी फारशीत, पुढे उर्दूत, आणि गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांचे मोडीत. अमेरिकेत वसाहतकाळातला पूर्वज शोधणारे लोक काउंटीच्या कचेरीतून मृत्युपत्र काढतात, त्यात बायको, मुले, जावई, गाईगुरे, भांडीकुंडी सगळे एका ठिकाणी सापडते. आपल्याकडे एकत्र कुटुंबात जमीन वारसाने चालायची, मृत्युपत्र करतो कोण? म्हणून वारसाची चौकशी, वाटणीपत्र, दत्तकपत्र हेच आपले मृत्युपत्र समजायचे.

मी तो कागद एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेला. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, “याच्यात नुक्ते कुठे आहेत? बाबाही वाचता येईल, नानाही.” उर्दूत ब आणि न शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आले की दोघांचा सांगाडा सारखाच. खाली एक नुक्ता, म्हणजे टिंब, दिला की ब, वर दिला की न, खाली तीन दिले की प. घाईतल्या कारकुनाने नुक्ते गाळले की बाबा आणि नाना एकच. आमच्या घरात पणजोबांना बाबा म्हणत. पण गावात राघोचा मुलगा नाना असा एक खरोखरच होऊन गेला, दुसऱ्या आणि जरा वजनदार घरातला. जाणकारांनी आम्हाला त्या घरात नेऊन बसवले. चुलते खूश झाले, हे सांगायला नको.

दुसरी गोम सालात होती. कागदावर फक्त १३१२. जाणकारांनी ते हिजरी धरले आणि १८९४ काढले. संस्थानात हिजरी आणि फसली दोन्ही साले चालत. फसलीत ५९० मिळवले की इसवी साल येते, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांत ५९१. १३१२ फसली म्हणजे १९०२-०३. आठ वर्षांचा फरक पडतो, आणि आठ वर्षांत घरात काय काय होत नाही? कोणते साल ते ओळखायची सोपी खूण महिन्यात असते. मोहरम, सफर, रज्जब असे महिने असतील तर हिजरी. आजर, दै, बहमन, खुरदाद असे असतील तर फसली. आमच्या कागदावर बहमन होता. म्हणजे पणजोबांच्या वारसाची चौकशी १९०२च्या अखेरीची, आणि त्यात वारस मुलगा ‘नाबालिग’ लिहिलेला. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे जन्मसाल १३०७ फसली होतेच.

तरी नुसत्या सालावर मी थांबलो नसतो. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच गावात राघोचा बाबा आणि बाबाचा राघो आलटून पालटून येतात. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतेच. माणूस ओळखायचा तो त्याच्या शेतावरून. वारसाच्या कागदात सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा होती, पूर्वेला ओढा, दक्षिणेला देवस्थानची जमीन. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५च्या खासरा पाहणीची नक्कल काढली, तर तोच नंबर आजोबांच्या नावावर. नानाच्या घरचा नंबर शिवाराच्या दुसऱ्या टोकाला. वाद तिथेच मिटला.

म्हणून सुरुवात खालून करा. आजचा सातबारा, त्यावरचे फेरफार, मग खासरा पाहणी, मग त्याच्या मागचे. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले आहेत, तेव्हा जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घालून घ्या, नाहीतर भलत्याच शेताच्या मागे लागाल. विधवेचे नाव लागलेला कागद दिसला तर तो सोडू नका. एरवी आपल्या आज्या-पणज्या दप्तरात कुठेच नसतात, पण ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, एवढ्या एका नोंदीतून नवरा गेल्याचे आणि मूल अज्ञान असल्याचे कळते, आणि तिचे स्वतःचे नावही त्याच ओळीत मिळते. दत्तकाकडेही लक्ष ठेवा, बापाचे नाव मध्येच बदलते ते त्यामुळे.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जरूर पाहा. गाव आणि आडनाव सांगितले की ते पान काढतात, आणि आलेल्या यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे त्यात असतात. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनेही काढून ठेवल्या आहेत. पण यात्रेकरू आठवणीतून सांगतो, हे ध्यानात असू द्या.

२०२३मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून निजामकालीन नोंदींना भाव आला आहे, आणि वाचणाऱ्यांनाही. त्यांना मूळ कागद देऊ नका, फोटो द्या. कागद लॅमिनेट तर मुळीच करू नका, तो पुन्हा सुटत नाही. वाचन दोघांकडून वेगवेगळे करून घ्या, आणि आपल्याला कोणते नाव हवे आहे ते आधी सांगू नका. शब्दाला शब्द असे लिप्यंतर मागा, जिथे वाचता येत नाही तिथे मोकळी जागा सोडायला सांगा. माझ्या शिक्षकांनी दोन ठिकाणी टिंबे सोडली. मला त्यांचा भरवसा वाटला तो त्या टिंबांमुळे.

आता आमच्या झाडात राघोपर्यंत नावे आहेत. त्याच्या वर एक रेघ ओढून कुणीतरी सरदार बसवावा, असा चुलत्यांचा आग्रह अजून चालू आहे. मी त्यांना सर्व्हे नंबर विचारतो.