दोन जुन्या मिनी ट्रॅक्टरमधून एक चालू ट्रॅक्टर: आधी हे बघा

चिखली-मेहकर भागात डवरणी-फवारणीला मिनी ट्रॅक्टर चालतात. जुने दोन घेऊन एक उभा करायचा, हा धंदा चांगला आहे. पण घाई केली तर भांडवल अडकतं.

१. मॉडेल जुळवा. युवराज २१५ एका सिलिंडरचा, व्हीएसटीचा एमटी १८०डी तीनचा. यांचे इंजिनचे पार्ट एकमेकांना बसणार नाहीत.

२. जोडी फोडू नका. क्राऊन-पिनियन सोबतच बदला. मेन बेअरिंगच्या कॅप ज्या ब्लॉकच्या, त्यालाच लावा. खोलतानाच प्रत्येक पार्टवर खूण करा.

३. सील, गॅस्केट नवीनच टाका. इथं शंभर रुपये वाचवले की इंजिन परत खोलावं लागतं, मजुरी डबल.

४. कागद बघा. इंजिन बदललं तर आरसीवरचा नंबर जुळत नाही. बुलढाणा आरटीओत (एमएच-२८) नोंद करून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक मागे फिरेल.

हिशोब असा: दोन्ही ट्रॅक्टर + नवे पार्ट + मजुरी + कागद. उरलेले पार्ट विकले जाईपर्यंत त्यांची किंमत शून्य धरा. तरीही नफा दिसतो का? मगच बयाणा द्या. आणि मे संपायच्या आत गाडी तयार ठेवा. पेरणी झाली की डवरणीसाठी गिऱ्हाईक लगेच विचारत येतं.