अभ्यासपाठ : डॉक्टरीणबाईंचा उद्योग आणि गावातला ‘ऑनलाइन डॉक्टर’



मागच्या महिन्यात जरीपटक्याच्या बैठकीत चहाच्या वेळी एक विषय निघाला. एका गावात एक माणूस आला होता. म्हणे, गटानं पन्नास हजार भरा, लॅपटॉप आणि बीपीचं मशीन देतो, शहरातले डॉक्टर स्क्रीनवर पेशंट बघतील, दर पेशंटमागे तुम्हाला कमिशन. दोन गटांनी ठराव लिहायची तयारीही केली होती. मला विचारलं, "ताई, करावं का?" मी तेव्हा काहीच बोलले नाही, कारण मलाच नीट कळलं नव्हतं. घरी येऊन वाचलं. त्यातून या वेळचा पाठ एका बाईवर करायचं ठरवलं. त्या डॉक्टर आहेत, त्यांनी उद्योग केला, आणि त्यांच्याच घरातून असा प्रयोग होऊन गेला आहे.

डॉ. स्वाती पिरामल. 1980 साली मुंबई विद्यापीठातून एमबीबीएस झाल्या. परळ भागात पोलिओनं पाय गेलेली मुलं त्यांना दिसायची. सोबतच्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना घेऊन त्यांनी तिथं पोलिओ केंद्र काढलं. नुसते उपचार करून भागत नव्हतं. आया लस पाजायला येत नव्हत्या, म्हणून वस्तीत पथनाट्यं केली. नवीन पेशंट येईनासे झाले तेव्हा केंद्र बंद केलं. (भारतातला पोलिओचा शेवटचा पेशंट 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधला. आपल्या आशाताईंनी दारोदार पाजलेले थेंब आठवा.) पेशंट नाहीत म्हणून बंद झालेला दवाखाना मी तरी दुसरा ऐकला नाही.

सासर कापड गिरणीवाल्यांचं. 1982 च्या संपानं मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 1988 साली या कुटुंबानं निकोलस लॅबोरेटरीज ही औषध कंपनी विकत घेतली आणि कापडातून औषधात आले. स्वातीताईंनी तिथल्या संशोधनात लक्ष घातलं. मधेच अमेरिकेला जाऊन हार्वर्डमधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, 1992 साली. पुढे असोचॅम या उद्योगपतींच्या जुन्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 2012 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता नीट वाचा, कारण आपल्या कामाचं इथं आहे. नवीन औषध शोधणं म्हणजे दहा-बारा वर्षांचं काम. प्रयोगशाळेत चांगलं दिसलेलं बहुतेक औषध माणसांवरच्या चाचणीत बाद होतं. कॅन्सर, मधुमेहावर त्यांच्या कंपनीनं वर्षानुवर्षं शोध घेतला. त्याला लागणारा पैसा मात्र रोज विकल्या जाणाऱ्या साध्या गोळ्या-औषधांच्या धंद्यातून येत होता. 2010 साली तो गोळ्यांचा धंदा ॲबट कंपनीला सुमारे 372 कोटी डॉलरला विकला. आणि 2014 मध्ये नवीन औषधांचा शोधही थांबवला. इतका पैसा, इतके शास्त्रज्ञ असून थांबवला. मला हे वाचून आधी वाईट वाटलं, मग वाटलं, बुडाला तो कमाईतला पैसा होता, कुणाच्या घरातलं तेल-मीठ नाही गेलं.

दुसरा प्रयोग 2008 चा. पिरामलांचं मूळ गाव बगड राजस्थानात. त्या राज्यात त्यांच्या मुलानं, आनंद पिरामल यांनी, ‘ई-स्वास्थ्य’ सुरू केलं. गावातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचं, तिनं पेशंटची लक्षणं विचारून फोनवरून कॉल सेंटरला सांगायची. तिथं संगणकावर प्रश्नांची साखळी तयार, वर डॉक्टर. सल्ला फोनवरून परत गावात. म्हणजे त्या माणसानं आपल्याला जे सांगितलं, जवळजवळ तेच. पुढे पिरामल स्वास्थ्य या नावानं हे काम राज्य सरकारांसोबतच्या हेल्पलाइन आणि फिरत्या दवाखान्यांकडे वळलं. माझं मत असं, की गावात पेशंटच्या खिशातून असं केंद्र चालवणं जड जातं. आपल्याकडे ताप आला की सुई पाहिजे. फोनवरच्या आवाजाला पैसे कोण देणार? आणि कमिशन पेशंटच्या संख्येवर असेल, तर शेजारणीला उगाच बोलवायचा मोह आपल्यालाच होईल, हेही कबूल करा.

शिवाय तीच सेवा आज फुकट आहे. सरकारची ई-संजीवनी 2019 पासून आरोग्य केंद्रांतून चालते. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सांगा, मॅडम लॅपटॉपवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. तुमच्या उपकेंद्रात नेट चालत नसेल, तर ती तक्रार ग्रामसभेत मांडायची.

तरीही कुणाला तो धंदा करायचाच असेल तर त्या माणसाला काही गोष्टी विचारा. पलीकडे बसणारा डॉक्टर कोण, त्याचा नोंदणी क्रमांक काय? मार्च 2020 च्या सरकारी नियमांप्रमाणे फोनवर किंवा व्हिडिओवर तपासणारा डॉक्टर नोंदणीकृत असावा लागतो, चिठ्ठीवर त्याचा क्रमांक असावा लागतो. औषधं तुम्हीच विका म्हणाला तर सरळ नाही म्हणा, त्याला परवाना लागतो. मशीन बिघडलं तर दुरुस्ती कुणाची? पन्नास हजार परत मिळतात का, आणि ते कुठल्या कागदावर लिहिलंय? ज्या गावात त्याचं केंद्र एक वर्ष चाललं त्या गावाचं नाव माग. तिथं आपण दोघी-तिघी जाऊन येऊ, एसटीचं भाडं संघ देईल.

आणि पैसे कुठले, हे गटात मोठ्यानं बोला. महिन्याची बचत वेगळी, मसाल्याच्या किंवा दुधाच्या धंद्यातला नफा वेगळा. बचतीत ज्या बाईचे शंभर रुपये आहेत, तिचा मुलगा जूनमध्ये शाळेत जाणार असतो.

पुढच्या बैठकीला येताना त्या माणसानं दिलेला कागद सोबत आणा, झेरॉक्स चालेल. सगळ्या मिळून वाचू. ठरावाच्या वहीतलं ते पान तोवर कोरंच राहू द्या.