प्रबळ चुंबकाची तार

चुंबकीय क्षेत्र वाढवायचे तर वेटोळ्यातून अधिक विद्युत्प्रवाह सोडावा, एवढे आपण प्रथम वर्षातच शिकतो. मग १०० टेस्लांचे क्षेत्र निर्माण करण्यात अडचण कोणती, असे विद्यार्थी मला विचारतात. अडचण विजेपेक्षा तारेची अधिक आहे.

क्षेत्र वेटोळ्याला आतून बाहेर रेटते आणि हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० टेस्लांना तो हवेच्या दाबाच्या सुमारे ४०,००० पट भरतो. मऊ तांब्याची तार २,२०० पटीच्या आसपासच तुटते! पोलाद बळकट खरे. पण ते विजेला फार रोध करते व तापते. तांब्यात दुसरा धातू विरघळवला, तर परके अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात. अतिसंवाहकाचे नाव काढाल, तर इतक्या प्रबळ क्षेत्रात नेहमीच्या अतिसंवाहकांची अतिसंवाहकता टिकत नाही.

यातून वाट निघाली ती तांबे व नायोबियम यांच्या संमिश्रातून. घन अवस्थेत हे दोघे एकमेकांत जवळजवळ विरघळतच नाहीत. एकत्र वितळवून थंड केले की तांब्यात नायोबियमचे फांद्याफांद्यांचे स्फटिक वेगळे होतात. मग सोनार भोकांच्या पट्टीतून ओढून तार बारीक करतो, तसे ओढत जायचे. फांद्यांचे केसाहून हजारो पट पातळ तंतू होतात.

१९७८ साली बेव्हक, हार्बिसन व बेल यांनी सुमारे १८ टक्के नायोबियमच्या अशा अतिबारीक तारेचे बळ मोजले. ते मऊ तांब्याच्या दहापट निघाले. दोन्ही धातूंच्या बळाची सरासरी घेऊन हा आकडा येत नाही, आणि मला यातली खरी गंमत हीच वाटते. धातू वाकतो तो स्फटिकातील दोषरेषा सरकतात म्हणून. येथे त्यांना पावलोपावली दोन धातूंची सीमा आडवी येते. मधले तांबे मात्र शुद्धच राहते. वीज त्यातूनच वाहते.

अर्थात सीमा इलेक्ट्रॉनांनाही अडवतात. तंतू फार पातळ केले की वाहकता घसरते. चुंबकाला लागणाऱ्या जाड तारेत बळही निम्म्यावर येते. म्हणून अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने सारा भार एकाच वेटोळ्यावर टाकला नाही. एकात एक वेटोळी बसवून, त्यांना बळकट वेष्टणे देऊन, द्रव नायट्रोजनात थंड करून, क्षणभरच प्रवाह सोडला. सर्वांत आतल्या वेटोळ्याची तार तांबे-नायोबियमची होती. मार्च २०१२ मध्ये तेथे १०० टेस्लांची सीमा ओलांडली गेली आणि चुंबक शाबूत राहिला.