पुढील हंगामाची क्रमवारी : भाकीत कसे करावे व कसे तपासावे

वैशाख लागला की आपल्या वऱ्हाडात जो तो भाकीत करू लागतो. पाऊस कसा पडेल, कपाशी साधेल की तूर, भाव चढेल की उतरेल, ह्यावाचून पारावर दुसरे बोलणे नसते. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ म्हणून गाव आहे. तेथे अक्षय्यतृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात, भोवती निरनिराळी धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीचे निरीक्षण करून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत चारचौघांत सांगतात. ते ऐकावयास दूरदूरचे शेतकरी जमतात. परंतु ते भाकीत कागदावर उतरून घेऊन दिवाळीत प्रत्यक्षाशी ताडून पाहणारे किती निघतील? भाकीत करणे हे काम अर्धे आहे. ते तपासणे हा त्याचा उत्तरार्ध होय. ह्या दोन्ही गोष्टी शिकण्यास खेळाच्या मैदानासारखी दुसरी शाळा नाही, कारण तेथे निकाल लवकर लागतो आणि तो आकड्यांत लागतो.

बास्केटबॉलचा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने निर्माण केला. त्या देशात कॉलेजांचे संघ लहानमोठ्या गटांत बांधलेले असतात व अशा गटास तेथे कॉन्फरन्स म्हणतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच वृत्तपत्रे आणि संघांचे मार्गदर्शक ह्या वर्षी कोणता संघ कितवा येईल ह्याच्या याद्या प्रसिद्ध करतात. आपल्याकडेही कबड्डीचा वा क्रिकेटचा हंगाम जवळ आला की वर्गावर्गांतून अशा याद्या होतातच. फरक एवढाच की त्या कागदावर नसून बोलण्यात असतात, आणि म्हणून त्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

एका गटात आठ संघ आहेत व प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळतो, असे समजा. प्रत्येकाचे सात सामने होतील आणि एकूण सामने अठ्ठावीस होतील. आता आठ संघांची क्रमवारी किती प्रकारे लागू शकेल? आठापासून एकपर्यंतच्या सर्व अंकांचा गुणाकार करा. उत्तर ४०,३२० येते. इतक्या प्रकारांतून एकच खरा ठरावयाचा असल्यामुळे आठही स्थाने अचूक सांगण्याची आशा शहाण्याने धरू नये. कमीत कमी चुकावे, हाच आपला हेतू असावा.

आरंभ गतवर्षीच्या तक्त्यापासून करावा. बलवान संघ एका वर्षात सहसा दुबळा होत नाही. म्हणून जुना तक्ता हा पहिला आधार होय. मात्र त्यावर सर्व भार टाकू नये. ह्याचे कारण समजण्यास एक नाणे घ्या आणि ते सात वेळा उडवा. सात उडवण्यांचे एकूण १२८ प्रकार संभवतात. त्यांपैकी सहा वेळा छापा येण्याचे सात व सातही वेळा येण्याचा एक, असे आठ प्रकार आहेत. म्हणजे सहा किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता सोळांत एक इतकी आहे. आता गटातील आठही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि बास्केटबॉलप्रमाणे प्रत्येक सामन्याचा निकाल लागतो, असे माना. तरीदेखील दर दोन हंगामांमागे सरासरीने एक संघ केवळ योगायोगाने सातपैकी सहा किंवा सातही सामने जिंकून जाईल! पाहणारे त्याची स्तुतिस्तोत्रे गातील व पुढील वर्षी तोच पहिला येणार म्हणून पैजा मारतील. वस्तुतः तो इतरांहून तसूभरही श्रेष्ठ नसेल.

तात्पर्य, यशात गुणाचा वाटा असतो तसा योगायोगाचाही असतो. गुण पुढील वर्षी सोबत येतो. योगायोग येईलच असे नाही. म्हणून फार वर गेलेला संघ पुढील वर्षी थोडा खाली येतो आणि तळाशी गेलेला थोडा वर चढतो, असा सामान्य अनुभव आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन ह्याने १८८६ साली आईबापांच्या व मुलांच्या उंचीची तुलना करून हेच दाखविले. अतिशय उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीच्या काहीशी जवळ असतात. भाकीत करताना ह्याचा उपयोग असा : सात सामन्यांत सरासरी विजय साडेतीन. एखाद्या संघाने सहा जिंकले असतील, तर तो सरासरीहून अडीच पुढे आहे. आरंभी त्याचे निम्मे, म्हणजे सव्वा, धरावे व पुढील वर्षासाठी त्याच्या नावे सुमारे पावणेपाच विजय मांडावेत. नेमके किती धरावे, हे मागील अनेक वर्षांचे तक्ते पाहून सुधारावे.

आपल्या विदर्भाच्या क्रिकेट संघाचा इतिहास ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. हा संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत १९५७-५८ च्या हंगामात प्रथम उतरला, आणि पहिले अजिंक्यपद मिळावयास २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. त्या वर्षी कोलकाता येथे झालेल्या उपान्त्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकाचा अवघ्या पाच धावांनी पराभव केला. पाच धावा म्हणजे सीमेपार गेलेला एखाददुसरा चेंडू! पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी ह्यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले व दिल्लीवर नऊ गडी राखून विजय मिळाला. २०१८-१९ मध्ये नागपूर येथे सौराष्ट्रास ७८ धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला. आता तिसऱ्याही वर्षी तोच, असे कोणाच्या मनात आले नसेल? परंतु २०१९-२० मध्ये हा संघ उपान्त्यपूर्व फेरीतही पोहोचला नाही. २०२०-२१ मध्ये महामारीमुळे स्पर्धा झाली नाही. त्यानंतरचे दोन हंगामही गटातच संपले. तेव्हा पुष्कळांनी त्याची आशा सोडली असेल. पण २०२३-२४ मध्ये तो अंतिम सामन्यापर्यंत जाऊन मुंबईकडून हरला, आणि २०२४-२५ मध्ये गटातील सातपैकी सहा सामने जिंकून, पुढे तामिळनाडू व मुंबई ह्यांस हरवून व केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर, तिसऱ्यांदा अजिंक्य ठरला. केवळ गतवर्षीचा निकाल पुढे लिहून देणारा मनुष्य ह्या संघाविषयी किती वेळा फसला असता, ते मोजून पाहा.

मग केवळ योगायोगच सर्व काही का? तसेही नव्हे. पुढील वर्षी मैदानात माणसे कोण असणार, हे पाहिले पाहिजे. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित विदर्भाचे मार्गदर्शक झाले व त्याच वर्षी पहिले यश आले. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशानेही आपले पहिले रणजी अजिंक्यपद मिळविले. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबे ह्यांनी ६९ गडी बाद करून एका रणजी हंगामातील उच्चांक केला. यश राठोड ह्यांनी ९६० व करुण नायर ह्यांनी ८६३ धावा काढल्या. त्यानंतर नायर कर्नाटकाकडे परत गेले. ज्याच्या बॅटीतून एवढ्या धावा आल्या तो खेळाडू गेल्यावर जुना आकडा तसाच पुढे लिहिणे म्हणजे वाहून गेलेल्या पाण्यावर पेरणीचा बेत करणे होय. शाळा-कॉलेजांच्या संघांस तर ही गोष्ट अधिकच लागू पडते, कारण तेथील खेळाडू परीक्षा उत्तीर्ण होऊन दरवर्षी निघूनच जातात. म्हणून गतवर्षीचे किती गुण जाणाऱ्यांनी मिळविले होते आणि किती राहणाऱ्यांनी, ह्याचा हिशेब आधी करावा. त्याशिवाय गटात कोणते नवे संघ आले, सामने घरच्या मैदानावर किती व परगावी किती, हेही पाहावे.

आता तपासणीकडे वळू. भाकीत हंगामापूर्वी लिहावे, त्यावर तारीख घालावी व नंतर त्यात खाडाखोड करू नये. हंगाम संपल्यावर प्रत्येक संघाचे सांगितलेले स्थान व प्रत्यक्ष स्थान ह्यांतील अंतर काढून सर्व अंतरांची बेरीज करावी. उदाहरणार्थ, गतवर्षी क्रम अ, ब, क, ड असा होता. एका विद्यार्थ्याने अ, क, ब, ड असे भाकीत केले आणि प्रत्यक्षात क, अ, ब, ड असा निकाल लागला. विद्यार्थ्याची चूक अ-बद्दल एक व क-बद्दल एक, मिळून दोन. गतवर्षीचाच क्रम उतरून देणाऱ्याची चूक अ-बद्दल एक, ब-बद्दल एक व क-बद्दल दोन, मिळून चार. डोळे मिटून चिठ्ठ्या काढणाऱ्याची चूक चार संघांत सरासरीने पाच येते. आठ संघांत ती एकवीस येते. जो चिठ्ठ्यांपेक्षा कमी चुकतो त्यास काही कळते. जो गतवर्षीच्या तक्त्याची नक्कल करणाऱ्यापेक्षाही वर्षानुवर्षे कमी चुकतो, त्यासच ह्या विषयाचे ज्ञान आहे असे म्हणावे. आवाज चढवून बोलल्याने ही बेरीज कमी होत नाही.

ह्यासोबत आपली खात्री किती आहे तेही लिहावे. 'अमुक संघ पहिला येईलच' ह्यापेक्षा 'दहांत चार वेळा पहिला येईल, आठ वेळा पहिल्या तिघांत राहील' हे विधान अधिक प्रामाणिक आहे. आपला शेतकरी हे जाणतो. पाऊस चांगला येईल असे वाटले तरी तो कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास सोडतोच. त्यात त्याचा अविश्वास नसतो. पुढील दिवसांविषयी आपण किती थोडे जाणतो, ह्याची जाण असते. ज्यास स्वतःच्या चुकांची बेरीज ठाऊक आहे, तो सामन्यावर बापाच्या कापसाचे पैसे कधीही लावणार नाही.

शेवटी पालकांस एक विनंती. वार्षिक निकालाच्या दिवशी आपणही असेच भाकीत करीत असता. 'हा पहिला आला, आता नेहमी पहिलाच येणार', किंवा 'हा नापास झाला, ह्याच्या हातून काही व्हावयाचे नाही.' एका वर्षाची परीक्षा म्हणजे थोडेसेच सामने. त्या दिवसांत ताप आला असेल, घरी अडचण असेल, किंवा अभ्यासलेलेच प्रश्न आले असतील. जो वर आहे त्याच्यावर तेथेच राहण्याचे ओझे लादू नये, आणि जो खाली आहे त्याचे नाव खोडू नये. २०१९-२० पासून तीन हंगाम गटातच अडकलेल्या संघाने पुढे काय केले, ते वर सांगितलेच आहे. मात्र तो आपोआप वर आला नाही. मधल्या वर्षांत त्याला खेळू देण्यात आले, शिकविण्यात आले, आणि तोही सराव करीत राहिला. मुलासही एवढेच हवे असते.

अभ्यासाकरिता :

१. पाच संघांची क्रमवारी किती प्रकारे लागू शकेल?

२. आपल्या शाळेच्या संघातील कोणते खेळाडू यंदा शाळा सोडून जात आहेत? गतवर्षीच्या गुणांत त्यांचा वाटा किती होता, ते काढा.

३. येत्या आंतरशालेय सामन्यांचे भाकीत प्रत्येकाने लिहून, तारीख घालून, वर्गाच्या कपाटात ठेवावे. सामने संपल्यावर सर्वांसमक्ष ते उघडून चुकांची बेरीज करावी, आणि ती फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहावी.