उठलेल्या प्रभूची पंगत

(पुनरुत्थानदिनासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : लूक २४:१३-४३; योहान २१:१-१४; १ करिंथ ५:७, ८



ईस्टर जवळ आला की आपल्या मंडळ्यांत दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, सण उपासनेचा आहे. खाणेपिणे आणि हसणेखिदळणे हा जगाचा मार्ग. उलट काहींना पहाटेची उपासना चुकली तरी चालते, पण दुपारचे जेवण चुकलेले चालत नाही. या दोघांच्या वादात तिसरे एक घर कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या घरात या वर्षी मृत्यू झालेला असतो, आणि ते लोक "यंदा आमच्याकडे सण नाही" असे म्हणून दार लोटून बसलेले असतात. या तिघांनाही शुभवर्तमान काय सांगते, ते आपण पाहू.

१. विश्वास : सणाचा पाया

हा सण वल्हांडणाच्या दिवसांत घडला. जगातील पुष्कळ भाषांत त्याचे नाव वल्हांडणाच्या 'पेसह' या इब्री शब्दावरूनच आले आहे. त्या रात्री इस्राएल लोकांनी भाजलेला कोकरा, बेखमीर भाकर आणि कडू भाजी खाल्ली (निर्गम १२:८). दास्याची आठवण कडू, पण सुटकेची रात्र पंगतीची! चैत्र पाडव्याला कडुनिंब आणि गूळ एकत्र चाखणाऱ्या मराठी मुलखाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ईस्टरही त्याच सुमारास येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान.

पौल सांगतो की आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त हा आहे, म्हणून आपण जुन्या खमिराने नव्हे, तर सात्त्विकपणाने सण पाळावा. येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. सण पाळू नका, असे प्रेषित म्हणत नाही. तसेच मनात वैर आणि कपट ठेवून पाळा, असेही म्हणत नाही. कबर रिकामी आहे, हा विश्वास नसेल तर पंचपक्वान्नेही शिळी. तो असेल तर चहा आणि पाव हीदेखील मेजवानी.

२. विनोद : मृत्यूची फजिती

पुनरुत्थानाचे वृत्तांत आपण इतक्या गंभीर स्वरात वाचतो की त्यांतील हसू आपल्या कानी पडतच नाही. मग्दालीया मरीया प्रभूलाच माळी समजते. क्लयपा वाटेतल्या सोबत्याला विचारतो, यरुशलेमेत घडलेले तुम्हा एकट्यालाच कसे ठाऊक नाही? आणि ज्याच्यावर ते सारे घडले तोच शांतपणे ऐकून घेतो! दिवस कलला आहे, आता पुढे जाऊ नका, असा आग्रह करणारे हेच दोघे प्रभूची ओळख पटताच त्याच घटकेस उठून यरुशलेमेची सुमारे ११ किलोमीटरची वाट धरतात. पहारेकऱ्यांना पैसे देऊन शिकवले जाते की, आम्ही झोपलो असता शिष्यांनी प्रेत चोरले, असे सांगा (मत्तय २८:१३). झोपलेल्या साक्षीदाराने चोर ओळखला कसा, हे मात्र कोणी विचारीत नाही.

प्राचीन मंडळीने हे हसू ओळखले होते. योहान क्रिसोस्तोम याच्या नावाने चालत आलेले पुनरुत्थानदिनाचे प्रवचन पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही दरवर्षी वाचतात. त्यात अधोलोकाची फजिती रंगवली आहे : त्याने एक मानवी देह गिळला, पण सामना झाला देवाशी. उपवास केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही एकाच भरल्या मेजावर बोलावले आहे.

पुढे जर्मन मुलखात ईस्टरच्या दिवशी धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून लोकांना हसवण्याची रीत पडली. हळूहळू तिचा तमाशा झाला, आणि नंतर बाझेल शहराचा धर्मसुधारक झालेल्या ओकोलांपाडियुसने १५१८ साली तिच्यावर कडक टीका छापली. त्यातून आपण धडा घ्यावा. ईस्टरचे हसू मृत्यूला हसते. गरिबाला, तोतऱ्याला, नव्याने मंडळीत आलेल्याला ते कधीच हसत नाही. विश्वास आणि विनोद एकाच घरात सुखाने नांदतात, हे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या आपल्या मंडळीला निराळे सांगायला नको.

३. जेवण : पुनरुत्थानाची साक्ष

उठलेला प्रभू शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला, तेव्हा ते भ्याले. भूत दिसते आहे असे त्यांना वाटले. त्याने हातपाय दाखवले. आनंदाच्या भरात तरीही विश्वास बसेना. तेव्हा त्याने विचारले, येथे खायला काही आहे का? मग भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन तो त्यांच्यादेखत खाल्ला. भूत जेवत नाही. म्हणूनच पेत्र पुढे कर्नेल्याच्या घरी साक्ष देताना सांगतो की, तो उठल्यावर आम्ही त्याच्याबरोबर खाल्ले, प्यालो (प्रेषितांची कृत्ये १०:४१).

तिबिर्य समुद्राच्या काठी तर प्रभूने स्वतःच न्याहारी तयार ठेवली : कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. पेत्राने प्रभूला नाकारले, तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता (योहान १८:१८). त्या विस्तवाची आठवण प्रभूने उपदेशाने काढली नाही. आधी जेवू घातले, मग प्रश्न विचारला. ज्याच्याशी आपला अबोला आहे, त्याला ईस्टरच्या जेवणाला बोलावताना हा क्रम ध्यानात ठेवावा.

या दिवशी अमुकच पदार्थ हवा, असे शास्त्रात कोठेही नाही. प्रभूने घरात होते ते खाल्ले. मग बेळगावचा कुंदा असो, इंदूरचे पोहे-जिलेबी असो, की हैदराबादची बिर्याणी असो; आभार मानून आणि वाटून खाल्ले की झाले. कर्ज काढून केलेला थाट मात्र या सणाला शोभत नाही.

४. ज्या घरी यंदा सण नाही

आता त्या तिसऱ्या घराकडे वळू. घरात मृत्यू झाला की वर्षभर सणाला गोडधोड करायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि काही ख्रिस्ती घरांतही ती पाळली जाते. त्यामागचे प्रेम आपण ओळखावे. पण पहिला ईस्टर कोणाच्या घरी झाला? दारे लावून बसलेल्या, तिसऱ्या दिवसाच्या दुखवट्यात असलेल्या घरी! प्रभू तेथेच आला आणि तेथेच त्याने खायला मागितले. तेव्हा ज्या घरी सण नाही असे आपण समजतो, तेच या सणाचे पहिले घर आहे.

त्या घरी उपदेश करायला जाऊ नका. डबा घेऊन जा आणि त्यांच्याबरोबर बसून जेवा. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नका. त्याची एखादी गमतीची आठवण निघाली आणि हसू आले, तर येऊ द्या. डोळे पुसता पुसता आलेले हसू पाप नव्हे. त्या घरच्या विधवेला अन्नावर प्रार्थना करायला सांगा. पुनरुत्थानाचा पहिला निरोप प्रभूने एका रडणाऱ्या स्त्रीवरच सोपवला होता.

५. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

अंडी : मध्ययुगात पश्चिमेकडील मंडळीत चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास नसे! साठलेली अंडी ईस्टरला खाल्ली जात, तेथून ही प्रथा वाढली. कांद्याच्या सालींबरोबर उकडली की अंड्यांना सुंदर तांबूस रंग येतो. प्रत्येक मुलाने दोन अंडी न्यावीत : एक स्वतःला, एक शेजारच्या वृद्धाला किंवा आजाऱ्याला.

मेथी : ज्यांच्या घरी अंडी खात नाहीत, त्या मुलांकडून झावळ्यांच्या रविवारी मातीच्या पसरट भांड्यात मेथी पेरून घ्यावी. ईस्टरपर्यंत हिरवे कोंब येतात. बरोबर योहान १२:२४ शिकवावे.

चर्चेसाठी प्रश्न :
(१) अम्माऊसच्या वाटेवरील दोघांना प्रभूची ओळख नेमकी केव्हा पटली?
(२) प्रभूने पेत्राला आधी जेवू का घातले?
(३) या ईस्टरला आपल्या वर्गाने कोणाच्या घरी जावे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी नाव घेऊन द्यावे, आणि शिक्षकाने ते पाळकांना कळवावे.

यशया संदेष्ट्याने पाहिले होते की परमेश्वर सर्व राष्ट्रांसाठी पंगत मांडील, त्याच डोंगरावर मृत्यूला गिळून टाकील आणि सर्वांचे अश्रू पुशील (यशया २५:६-८). म्हणून बंधुभगिनींनो, पहाटे उपासनेला या, मोकळेपणाने हसा, पोटभर जेवा. आणि जेवायला बसण्यापूर्वी एक ताट त्या लोटलेल्या दाराकडे घेऊन जा. प्रभू खरोखर उठला आहे. आमेन.