शंका-समाधान : ओळखीची क्रियापदं, अनोळखी अर्थ

प्रश्न : मुलाने परदेशी कंपनीकडे अर्ज पाठवताना ‘आय पास्ड आउट इन 2022’ असं लिहिलं. तिकडच्या एका परिचिताने ते तातडीने बदलायला लावलं. यात चुकलं काय? (एक पालक, सातारा)

ब्रिटन-अमेरिकेत ‘पास आउट’ होणं म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हाने चक्कर येऊन पडला तरी हेच म्हणतात आणि दारू जास्त होऊन आडवा झाला तरी हेच. म्हणजे चिरंजीव 2022 साली बेशुद्ध पडले, एवढंच त्या वाक्यातून कळतं! मात्र आपला अर्थही हवेतून आलेला नाही. लष्करी प्रशिक्षण पुरं करणाऱ्या तुकडीच्या संचलनाला ब्रिटनमध्येही ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात आणि खडकवासल्याच्या एनडीएमध्ये ती आजही होते. भारतात बोलताना हा प्रयोग खुशाल करा. बाहेर अर्ज जाणार असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

प्रश्न : जुन्या इंग्रजी कादंबरीत पाहुणा घरमालकिणीला ‘नॉक मी अप ॲट सिक्स’ असं सांगतो. अमेरिकेतला नातू म्हणतो, “आजी, हे इथे कुणापुढे बोलू नकोस.” का बरं? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

नातवाचं बरोबर आहे आणि कादंबरीचंही. ब्रिटिश वापरात ‘नॉक अप’ म्हणजे दार ठोठावून उठवणं. घरोघरी गजराची घड्याळं नव्हती, तेव्हा तिथल्या गिरण्यांच्या गावांत ‘नॉकर-अप’ हा धंदाच होता. ही माणसं पहाटे लांब काठीने खिडकीची काच वाजवून कामगारांना उठवत आणि त्याचे पैसे घेत. काही जण तर नळीतून सुके वाटाणे काचेवर फुंकून मारत.

अमेरिकेत मात्र ‘नॉक अप’ म्हणजे एखादीला दिवस जातील असं करणं, तेही बहुधा दोघांच्या मनात नसताना. शिवाय हा प्रयोग ग्राम्य आहे. 2007 च्या ‘नॉक्ड अप’ या हॉलिवूडपटाचं कथानक तेच आहे. आता ब्रिटनमधल्या तरुणांनाही आधी हाच अर्थ आठवतो. म्हणून ‘वेक मी अप’ म्हणावं.

प्रश्न : नातीच्या नृत्याखाली मैत्रिणींनी लिहिलं, ‘यू किल्ड इट’, ‘स्ले’, ‘आय ॲम डेड’. हे कौतुक की शिव्या? (एक आजोबा, सांगली)

अस्सल कौतुक! ‘किल्ड इट’ म्हणजे मैदान मारलंस. ‘आय ॲम डेड’ म्हणजे हसून किंवा थक्क होऊन मेले. ‘स्ले’चा मूळ अर्थ ठार करणं, पण इथे भाव असा की सगळ्यांना गार केलंस. हा वापर न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्सजेंडर मंडळींच्या ‘बॉलरूम’ स्पर्धांच्या वर्तुळातून पसरला. ‘पॅरिस इज बर्निंग’ हा 1990 चा माहितीपट त्या जगाविषयीचा आहे.

यात नवल नाही. आपल्याकडे काच फुटते, पेपर फुटतो, आमदार फुटतो आणि कट्ट्यावरचा मुलगा “चल, मी फुटतो” म्हणत घरी जातो. एक सावधगिरी मात्र बाळगा. अमेरिकेत नाटक ‘बॉम्ब’ झालं म्हणजे साफ पडलं. ब्रिटनमध्ये कार्यक्रम ‘वेंट लाइक अ बॉम्ब’ म्हणजे जोरदार झाला.

प्रश्न : ‘किक द बकेट’ म्हणजे मरण पावणं, असं वाचलं. शोकसंदेशात वापरू का? (कार्यालयीन कर्मचारी, ठाणे)

मुळीच नको. ‘साहेबांचे वडील गचकले’ असं मराठीत लिहाल का? तसंच ते होईल. हा प्रयोग फ्रान्सिस ग्रोस यांच्या बाजारू बोलीच्या 1785 मधल्या कोशातही आहे. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. काही बोलींत ‘बकेट’ म्हणजे कापलेलं डुक्कर ज्याला टांगतात ते आडवं लाकूड, त्यावरून तो आला, हा एक तर्क. मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी ती ‘बकेट लिस्ट’, हाही शब्द त्यावरूनच आला. 2007 च्या इंग्रजी चित्रपटाने तो जगभर नेला आणि 2018 मध्ये माधुरी दीक्षित यांच्या पहिल्या मराठी चित्रपटाचं नावही तेच ठेवलं गेलं. शोकसंदेशात ‘पास्ड अवे’ लिहा. पहिल्या प्रश्नातला ‘आउट’ जाऊन ‘अवे’ आला, की बेशुद्ध माणूस थेट वारतो, हेही ध्यानात ठेवा!

सर्वांसाठी : क्रियापद ओळखीचं असूनही वाक्य विचित्र वाटलं, तर त्याला चिकटलेला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ आधी पाहा. मग बोलणारा कुठल्या देशाचा, किती वयाचा आणि कुणाशी बोलतोय ते पाहा. चांगल्या कोशात अर्थापुढे ब्रिटिश, अमेरिकन, अनौपचारिक, असभ्य अशी खूण असते. ती वाचल्याशिवाय प्रयोग उचलू नका. असे प्रयोग समजून सगळे घ्यावेत, वापरावेत मोजकेच. आणि शंका पाठवताना सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य पाठवा.