आठही दिवे लागले, तरी नेट रखडलं!

डोंबिवलीच्या आमच्या घरात राऊटर हॉलमध्ये आणि ताईचं टेबल आतल्या खोलीत. दोन भिंती ओलांडताना वाय-फायला धाप लागायची. त्यात ताईचा नोकरीचा ऑनलाईन इंटरव्ह्यू चार दिवसांवर आलेला. मी म्हटलं, "इंजिनिअर घरात असताना बाहेरचा माणूस कशाला?" ठाण्याहून कॅट-५ई केबल, आरजे-४५ प्लग, भिंतीवरचा सॉकेट, क्रिम्पिंग टूल आणि टेस्टर घेऊन आलो.

सॉकेट नंतर बसवू म्हणून आधी दोन्ही टोकांना प्लगच लावले. केबलमध्ये आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. मी जोडीला जोड लावत नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा ओळीने बसवल्या, दोन्हीकडे सारख्याच. टेस्टरवर १ ते ८ दिवे क्रमाने लागले. मी खूष! पण ताईने व्हिडिओ लावला की चित्र गोठायचं.

शेवटी कल्याणहून मामेभाऊ आला. तो केबलिंगचीच कामं करतो. प्लग बघताच म्हणाला, "अरे, जोड्या फोडल्यास की तू!"

"पण दादा, आठही दिवे लागतात!"

"टेस्टर फक्त हजेरी घेतो. कोण कोणाशेजारी बसलंय, ते बघत नाही."

गोम इथेच आहे. जोडीतल्या दोन तारांतून एकच सिग्नल उलटसुलट जातो. तारा एकमेकींना पिळलेल्या असल्याने बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. पलीकडे फक्त दोघींतला फरक मोजतात, म्हणजे गोंगाट आपोआप वजा होतो. टेलिफोनवाल्या बेलने या पिळाचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं. १०० मेगाबिटच्या नेटवर्कला १-२ आणि ३-६ या पिनांच्या जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. माझ्या प्लगमध्ये ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा. म्हणजे एका सिग्नलच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत!

बरोबर क्रम (५६८-बी) असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची खिट्टी खाली आणि तोंड समोर धरलं की पिन १ डावीकडे येते. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का? मधल्या ४-५ पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीशी जुळाव्यात म्हणून.

मग दादाने सॉकेटही माझ्याकडूनच बसवून घेतला. त्याच्या चार सूचना :

१) सॉकेटवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात. दोन्ही टोकांना एकच पाळा.
२) पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. प्लगमध्ये बाहेरचं आवरणही आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते.
३) सॉकेटमध्ये तार पंचिंग टूलनेच दाबा. स्क्रू-ड्रायव्हरने खाच फाकते.
४) तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. आणि लाईटच्या वायरच्या पाईपातून ही केबल कधीही नेऊ नका.

इंटरव्ह्यूच्या दिवशी ताई पाऊण तास बोलली, चित्र एकदाही अडलं नाही. मी मात्र दाराबाहेर टेस्टर हातात घेऊन उभा होतो!

तेव्हा दोस्तहो, हॉस्टेलवर केबल करताना दिवे मोजून थांबू नका. रंगही वाचा. नुसत्या हजेरीवर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच!